पकड न सोडणारा पैलवान आणि त्याचा न बसणारा ठोसा

मी नाशिकला सिडकोत बॉक्सिंग शिकवतो. दिवाळीनंतर आमच्या हॉलमध्ये नवी मुलं येतात. त्या वर्षी आलेल्यांत निफाड तालुक्यातला एक मुलगा होता. वय १९, वजन ७६ किलो, छाती भरलेली, कान तालमीत मोडलेले. सात वर्षं गावच्या लाल मातीत काढलेली. घरची द्राक्षबाग, हंगामात क्रेट उचलून गाडीत भरायचं काम त्याचं. शिकायला मामाकडे नाशिकला आला आणि मित्राबरोबर एकदा हॉलवर येऊन तिथेच रमला. पोरांनी पहिल्याच दिवशी त्याला ‘पैलवान’ म्हणायला सुरुवात केली. मीही इथे तेच नाव वापरतो.

शब्दाबद्दल एक खुलासा आधीच करतो. मुलं ठोशाला ‘पंच’ म्हणतात. रिंगमध्ये निर्णय देणाराही पंचच, म्हणून या लिखाणात मारतो तो ठोसा आणि निर्णय देतो तो पंच.

पैलवानाची अडचण अशी, की त्याचा उजवा ठोसा कोणालाच बसत नव्हता. समोरच्याच्या गालावर, कपाळावर, बरगडीवर तो पोचायचा, पण समोरचा थांबायचा नाही. जोडीदार दोन पावलं मागे सरकायचा आणि परत पुढे यायचा. आमच्याकडे पंचवटीतून सायकलवर येणारा ५७ किलो वजनाचा एक मुलगा आहे, त्याला सगळे ‘बारका’ म्हणतात. मनगट बघितलं तर कोणी म्हणेल, याला आधी जेवायला घाला. त्याचा ठोसा मी पॅडवर घेतला की तळहात झिणझिणतो. पैलवानाचा घेतला की खांदा मागे जातो, तळहाताला काही कळत नाही. १९ किलोंचा फरक, आणि तोही उलट्या बाजूने! हे प्रकरण लिहावंसं वाटलं ते यासाठी.

बॅगवरही हाच प्रकार होता. पैलवानाने मारली की जड बॅग लांब जायची आणि आवाज यायचा ‘धप्प’. नवी मुलं त्यावर खूश व्हायची. बारक्याने मारली की बॅग जागच्या जागी दुमडायची, साखळी कडाडायची आणि आवाज ‘फाट्’ असा यायचा. बॅग किती लांब गेली यावर ठोशाची ताकद मोजायची सवय फार जणांना असते, आणि ती फसवी असते. हात टेकल्यावरही रेटत राहिलं तर बॅग लांब जाणारच, कारण बल कमी असलं तरी ते जास्त वेळ लागतं. ठोशाचं काम काही मिलिसेकंदांत उरकतं. तेवढ्या वेळात बल किती वर चढलं, त्यावर समोरच्याचं डोकं हलणार की फक्त पावलं हलणार हे ठरतं.

आधी माझी चूक

पहिले दोन महिने मी चुकीच्या वाटेने गेलो. मला वाटलं, कुस्तीत ओढायची ताकद येते, ढकलायची कमी राहते. छाती आणि दंड वाढवले की ठोसा सुधारेल. त्याला बेंच प्रेसला लावलं, म्हणजे बाकावर उताणं झोपून वजनाचा दांडा वर ढकलायला. मुलगा कष्टाळू. ७० किलोंवरून ८० वर आला. ठोसा होता तिथेच राहिला. उलट पोरांमध्ये चर्चा सुरू झाली की पैलवानाच्या हातात जन्मतःच ठोसा नाही, आणि ती त्याच्या कानावर गेली. याचं मला आजही वाईट वाटतं. १९ वर्षांच्या मुलाला ‘तुझ्यात ते नाहीच’ असं पटलं की तो आठवड्याभरात यायचा थांबतो.

जन्मजात काहीच नसतं असं मी म्हणत नाही. वेगाने आकसणारे स्नायूतंतू कोणाला जास्त मिळतात, कोणाला कमी. हातांची लांबी, मुठीचा आकार, हाडांना स्नायू कुठे जोडलेले आहेत, हे कोणीच निवडून आणत नाही. डिऑन्टे वाइल्डर या अमेरिकन हेवीवेट बॉक्सरने बॉक्सिंग सुरू केलं वयाच्या विसाव्या वर्षी आणि २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक घेतलं. डिसेंबर २०१८ मध्ये टायसन फ्युरी या ब्रिटिश बॉक्सरसमोर तो उतरला तेव्हा त्याचं वजन होतं सुमारे ९६ किलो आणि फ्युरीचं सुमारे ११६. तरी फ्युरीला त्याने दोनदा खाली पाडलं. अशा माणसाला निसर्गाने काहीतरी दिलेलं असणार. पण पैलवानाच्या बाबतीत ‘निसर्गाने दिलं नाही’ हे उत्तर मान्य करण्याआधी, जे दिलंय ते मुठीपर्यंत पोचतंय का हे पाहायला हवं होतं. ते मी पाहिलं नव्हतं.

बेंच प्रेसचा उपयोग का झाला नाही, याचं कारण नंतर विचार केल्यावर सरळ दिसलं. जड वजन ढकलताना ताकद शिखरावर यायला साधारण एक तृतीयांश सेकंद किंवा त्याहून जास्त लागतो. फ्रँक ब्रुनो या ब्रिटिश हेवीवेट बॉक्सरचा ठोसा १९८५ साली मोजला गेला, तेव्हा त्याची मूठ सुरुवातीपासून ०.१ सेकंदात लक्ष्यावर पोचली होती, ८.९ मीटर प्रति सेकंद वेगाने. म्हणजे ताकद शिखरावर येण्याआधीच ठोसा संपलेला असतो. शिवाय बेंच प्रेसमध्ये दांडा वरच्या टोकाला आला की शरीर आपोआप ब्रेक लावतं, कारण तो हातातून सुटायला नको. म्हणजे ज्या क्षणी मूठ सर्वांत वेगात हवी, त्याच क्षणी थांबायचा सराव मी दोन महिने करून घेतला होता.

फोनमध्ये काय दिसलं

जानेवारीत मी वेगळं काही सुचत नव्हतं म्हणून व्हिडिओ काढायचं ठरवलं. आमच्याकडे बल मोजायचं यंत्र नाही. फोनमध्ये सेकंदाला २४० फ्रेम घेणारा स्लो मोशन आहे, म्हणजे एक फ्रेम साधारण चार मिलिसेकंदांची. बॅगमागच्या भिंतीवर दर १० सेंटिमीटरला खडूची खूण केली, फोन बाजूला स्टुलावर ठेवला आणि पैलवानाला उजवे ठोसे मारायला लावले. नंतर बारक्याला.

बारक्याच्या व्हिडिओत सगळ्यांत आधी उजव्या पायाची टाच उचलली जाते आणि बाहेर वळते. मूठ तेव्हा अजून हनुवटीपाशीच असते. मग कंबर, मग खांदा, आणि सगळ्यांत शेवटी मूठ निघते. पैलवानाच्या व्हिडिओत मूठ आधी निघते. मागोमाग खांदा. मूठ बॅगला टेकते तेव्हा टाच अजून जमिनीलाच. मग सात फ्रेमनंतर टाच वळते! मी त्याला पहिल्या दिवसापासून सांगत होतो, ‘टाच वळव, टाच वळव.’ तो इमानदारीने वळवत होता, पण ठोसा मारून झाल्यावर. उघड्या डोळ्यांना ती चूक दिसतच नव्हती. सगळं एकदमच झाल्यासारखं वाटायचं.

शेवटचे ३० सेंटिमीटर कापायला त्याच्या मुठीला १२ फ्रेम लागत होत्या. गणित केलं तर ६ मीटर प्रति सेकंद. ब्रुनोच्या वेगाने गेलं असतं तर ८ फ्रेम लागल्या असत्या. फोनच्या मोजणीत थोडं मागेपुढे होतं, पण प्रत्येक वेळी त्याच जागी त्याच फोनने मोजलं तर स्वतःशी तुलना करता येते. बेंच प्रेसच्या आधीचा एक जुना व्हिडिओ फोनमध्ये सापडला. त्यात खुणा नव्हत्या, पण टाच उशिरा वळते हे त्यातही तसंच होतं.

टाच एवढी महत्त्वाची का, हे समजायला सोव्हिएत प्रशिक्षकांनी केलेला आणि १९८५ साली इंग्रजीत आलेला अभ्यास उपयोगी आहे. फिलिमोनोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या दर्जाच्या बॉक्सरांच्या सरळ ठोशात कोणत्या अवयवाचा किती वाटा आहे हे पाहिलं. सर्वोच्च दर्जाच्या खेळाडूंमध्ये पायाच्या रेट्याचा वाटा सुमारे ३८ टक्के, धडाच्या वळणाचा ३७ आणि हाताचा फक्त २४. कनिष्ठ दर्जाच्या खेळाडूंमध्ये पायांचा वाटा १६-१७ टक्क्यांवर आला होता आणि हाताचा ३८ वर गेला होता. हे आकडे वाचताना मला पैलवानच दिसत होता. बैठकांनी कमावलेल्या त्याच्या मांड्या आमच्या हॉलमध्ये सगळ्यांत दणकट होत्या. त्या मांड्या ठोशात भागच घेत नव्हत्या.

सराव आणि कौशल्याने किती अंतर पडतं, याचा एक आकडा इथेच देतो. इंग्लंडमध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत उच्च दर्जाच्या बॉक्सरांच्या मागच्या हाताच्या (पैलवानाच्या बाबतीत उजव्या) ठोशाचं सर्वोच्च बल सरासरी ४८०० न्यूटन भरलं, मधल्या गटाचं ३७२२ आणि नवशिक्यांचं २३८१. ४८०० न्यूटन म्हणजे एका क्षणापुरतं ४९० किलो वजनाइतकं. दुपटीचा हा फरक नुसत्या दंडांच्या घेरातून निघत नाही.

‘अंगाचं वजन टाक’ म्हणजे किती?

हॉलमध्ये आम्ही सगळेच ओरडतो, ‘वजन टाक, वजन टाक!’ ऐकणाऱ्याला वाटतं ७६ किलो मुठीमागे गेले पाहिजेत. ऑलिम्पिक दर्जाच्या सात बॉक्सरांवर २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुठीचा सरासरी वेग ९.१४ मीटर प्रति सेकंद होता, बल ३४२७ न्यूटन, आणि मुठीमागचं ‘परिणामी वस्तुमान’ २.९ किलो. म्हणजे ठोसा बसताना समोरच्याला जणू तीन किलोंचा गोळा येऊन आदळतो. त्या सात जणांत सर्वांत हलका ५१ किलो गटातला होता आणि सर्वांत जड शंभराच्या बराच पुढचा. जड माणसाचं बल जास्त भरलं ते मुख्यतः या परिणामी वस्तुमानामुळे, वेगामुळे कमी.

म्हणून वजनाचा फायदा खराच असतो, आणि वजनगट आहेत ते त्यासाठीच. पण पैलवानाच्या हातात ते तीन किलोसुद्धा येत नव्हते. मूठ टेकते त्या क्षणी मनगट, कोपर, खांदा आणि धड एकजीव झालं तर मुठीमागे वस्तुमान उभं राहतं. मधला एखादा सांधा त्याच क्षणी वाकला तर मागचं सगळं मागेच राहतं. त्याच्या व्हिडिओत मूठ टेकल्यावर डावा गुडघा पुढे वाकत होता आणि डावं पाऊल घसरत होतं. नीरज चोप्रा भाला सोडताना त्याचा डावा पाय कसा जमिनीत रोवला जातो, आठवून पाहा. धावण्याचा सगळा वेग त्या पायावर अडतो आणि वर धडातून हातात चढतो. पुढचा पाय ढिला पडला की तो वेग तिथेच सांडतो. ठोशातही पुढचा पाय तेच काम करतो. पैलवान दर ठोशाला पुढे चालत होता.

आता प्रश्न उरला: हे सगळं कळलं, पण सात वर्षांची सवय मोडायची कशी? मी त्याला टाच आधी वळवायला सांगितलं की तो टाच वळवायचा, थांबायचा, मग हात मारायचा. दोन वेगवेगळ्या गोष्टी झाल्यासारखं. पंधरा दिवस असेच गेले.

वस्तादांचा फोन

शेवटी मी त्याच्या गावच्या वस्तादांना फोन केला. राम राम झाला. माझ्या मनात थोडी धाकधूक होती, कारण त्यांचा तयार मल्ल मी पळवला असं त्यांना वाटणं साहजिक होतं. तसं काही नव्हतं.

म्हणाले, “पोरगं ठीक आहे ना? खुराक मिळतो का त्याला?”

मी म्हणालो, “मिळतो, वस्ताद. पण ठोसा बसत नाही त्याचा. तुम्ही त्याला सात वर्षं पाहिलंय, म्हणून विचारतो. अंगात काय खोट आहे का?”

“खोट कसली? त्याची पकड एकदा बसली की सुटत नाही. पंचक्रोशीत नाव आहे त्याचं त्यासाठी. मनगट धरलं की समोरचा रडतो.”

मी गप्पच झालो. मी दोन महिने ज्या मुठीकडे बघत होतो, तिचा इतिहास मला या एका वाक्यात मिळाला. पैलवान गार्ड घेऊन उभा राहिला की मूठ करकचून आवळलेली असायची. मूठ आवळली की मनगटापासून दंडापर्यंत सगळं ताठतं. ताठलेल्या हातात कोपर सरळ करणारा स्नायू आणि वाकवणारा स्नायू दोन्ही एकाच वेळी खेचत असतात, आणि दुसरा पहिल्याला ब्रेक लावतो. दाबून धरायला हा ताठपणा उत्तम, फेकायला नाही. त्याची ताकद त्याच्याच ताकदीशी झोंबत होती.

या गोष्टीला मोजमापाचा आधारही आहे. स्टुअर्ट मॅकगिल या कॅनडातल्या पाठीच्या अभ्यासकाने २०१० साली नामवंत एमएमए (मिश्र मार्शल आर्ट्स) खेळाडूंच्या स्नायूंची विद्युत हालचाल नोंदवली. त्यांना वेगवान फटक्यात दोन शिखरं दिसली. पहिला ताण फटका निघताना, मग मध्ये स्नायू सैल, आणि दुसरा ताण नेमका फटका बसताना. मधल्या सैलपणात वेग येतो, शेवटच्या ताणाने वस्तुमान मुठीमागे उभं राहतं. मला विचाराल तर ठोशाच्या ताकदीतला सगळ्यांत कमी शिकवला जाणारा भाग हा आहे. आवळायला सगळेच शिकवतात. सोडायला कोण शिकवतं?

वस्तादांना मी विचारलं, “त्याचा हुकमी डाव कुठला?”

“धोबीपछाड. बघा कधी करायला लावून.”

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये चटया टाकल्या. बारक्याला पैलवानासमोर उभं केलं आणि म्हणालो, “अरे, हळू लाव धोबीपछाड. आपटू नकोस त्याला.” पैलवानाने हात धरला, वळला, आणि बारका त्याच्या पाठीवर. फोन चालूच होता. तो व्हिडिओ मी त्याच्याच शेजारी बसून पाहिला. त्यात पहिली हलते ती टाच. पाऊल वळतं, कंबर समोरच्याच्या कमरेखाली घुसते, धड वळतं, आणि हात सगळ्यांत शेवटी ओढला जातो. त्याच्या तोंडून आपसूक निघालं, “सर, हे तर तेच आहे.”

तेच होतं. जो क्रम मी त्याला तीन महिने शिकवायचा प्रयत्न करत होतो, तो त्याच्या अंगात बाराव्या वर्षापासून होता. मातीवर तो पाऊल वळवून सुरुवात करायचा. बॅगसमोर उभं राहिलं की डोक्यात ‘हाताने मारायचं आहे’ एवढंच यायचं.

पुढचे तीन महिने

त्यानंतर बेंच प्रेस बंद केला नाही, पण मागच्या बाकावर बसवला. रोजचा सराव असा सुरू झाला: समोर कोणी नाही, तरी धोबीपछाडाचं पाऊल टाकायचं, अर्ध्यात थांबायचं, आणि ओढणारा हात ओढण्याऐवजी पुढे जाऊ द्यायचा. ‘मारायचा’ हा शब्द मी बंद केला. बोटं उघडी ठेवून, चापट मारल्यासारखं. तीन किलोंचा मेडिसिन बॉल, म्हणजे व्यायामाचा जड चेंडू, भिंतीवर फेकायचा, पाय जागचे वळतील पण सरकणार नाहीत अशा बेताने. पुढच्या पावलापुढे मी खडूची रेघ मारायचो आणि ती ओलांडली की फेक मोजायची नाही.

सैलपणा समजावायला मला गोफण सापडली. त्याच्याकडे बाजरीवरची पाखरं हाकायला आजोबांची गोफण होती. गोफण गरगरताना मनगट ताठ धरलं तर खडा समोरच्या बांधापर्यंतसुद्धा जात नाही, हे त्याला सांगावं लागलं नाही. त्याने शनिवारी गावाहून गोफण आणली आणि पोरांना हॉलमागच्या मोकळ्या मैदानात दाखवली. अर्थात गोफणीचा दाखला एका जागी संपतो. खडा हातातून सुटतो, मूठ सुटत नाही. म्हणून शेवटच्या क्षणी आवळणं वेगळं शिकवावं लागलं. त्यासाठी मी पॅडवर हात टेकायच्या क्षणी त्याला ‘हत्’ असा श्वास सोडायला लावला. श्वास झटक्यात सुटला की पोट आणि बरगड्या आपोआप घट्ट होतात. आधी तो श्वास कोंडून मारायचा, म्हणजे सुरुवातीपासूनच घट्ट.

रविवारी पांडवलेण्याच्या पायऱ्या. धावत नाही, उड्या मारत. दहा-बारा पायऱ्या, मग पूर्ण विश्रांती. पोरांना हे कमी वाटायचं, त्यांना घाम हवा असतो. पण दमलेला पाय झटका शिकत नाही. ब्राझीलच्या राष्ट्रीय संघातल्या बॉक्सरांवर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उडीच्या स्क्वॉटमधली, म्हणजे बैठकीतून मारलेल्या उडीतली शक्ती आणि ठोशाचा आघात यांचा जवळचा संबंध दिसला होता. ताकद निरुपयोगी असते असं या प्रकरणातून कोणी काढू नये. पैलवानाच्या बैठका वाया गेल्या नाहीत; क्रम जुळल्यावर त्याच मांड्यांनी मोबदला दिला. बारक्याला आता मी जास्त स्क्वॉट करायला लावतो ते याच कारणाने.

मार्चच्या शेवटी पुन्हा त्याच स्टुलावर फोन ठेवला. टाच मुठीच्या नऊ फ्रेम आधी वळत होती. शेवटचे ३० सेंटिमीटर १० फ्रेममध्ये. म्हणजे ७.२ मीटर प्रति सेकंद. वेग २० टक्क्यांनी वाढला, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते म्हणून ती ४४ टक्क्यांनी. पॅड धरणाऱ्या माझ्या तळहाताला हे गणित करावं लागलं नाही.

मनगट

इथे दुसरी चूक झाली, तीही माझी. ठोसा बसायला लागला या आनंदात मी त्याला जड बॅगवर रोज सहा-सहा राउंड दिले. दोन आठवड्यांत उजवं मनगट सुजलं. आधी त्याच्या मनगटावर भार येतच नव्हता, म्हणून ते मुठीमागे थोडं वाकलेलं असतं हे कधी बाधलं नव्हतं. आता प्रत्येक ठोशाचं बल त्या वाकलेल्या जागी साठू लागलं. डॉक्टरांनी एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं, अस्थिबंध ताणला होता. तीन आठवडे उजवा हात बंद.

ज्यांच्या मुलांचा ठोसा वाढतोय, त्या प्रशिक्षकांनी हे लक्षात घ्यावं. तर्जनी आणि मधल्या बोटाचे मुठीवरचे सांधे, मनगट आणि कोपरापर्यंतचं हाड एका रेषेत हवं. भार करंगळीच्या बाजूला गेला तर करंगळीमागचं तळहाताचं हाड मोडतं, इतक्या वेळा की त्या मोडीला बॉक्सरच्याच नावाने ओळखतात. पट्टी बांधताना पैलवान तळहातावर भरपूर वेढे द्यायचा आणि मनगटावर दोनच. ते आम्ही उलटं केलं. सैल मूठ आणि सैल मनगट यांतला फरकही मी नीट समजावला नव्हता. बोटं सैल, मनगट सरळ.

बळ वाढलं तशी स्पारिंगची, म्हणजे सरावाच्या लढतीची शिस्तही बदलावी लागली. १६ औंसांचे ग्लोव्ह, हेडगार्ड, आणि डोक्याला उजवा हात निम्म्या वेगाने. हेडगार्डमुळे भुवई फुटत नाही, पण कवटीच्या आतला मेंदू हलायचा थांबत नाही. हनुवटीवर बाजूने बसलेला ठोसा डोकं गर्रकन फिरवतो आणि त्या फिरण्याने माणूस शुद्ध हरपतो. हनुवटी ही मानेपासून लांब असलेली दांडीच आहे. आमच्या हॉलमधल्या कोणाच्याही मुलावर पैलवानाने ताकद तपासून पाहायची नाही, हे मी सगळ्यांसमोर सांगितलं, आणि त्याने ते पाळलं.

लढत

मे महिन्यात एका निवड चाचणीत तो ७५ किलो गटात उतरला. समोरचा मुलगा चार वर्षं खेळलेला, उंच, डाव्या हाताने सतत अंतर राखणारा. पहिल्या राउंडमध्ये पैलवानाने जोर लावून मारलेले तिन्ही उजवे ठोसे हुकले किंवा गार्डवर गेले. कोपऱ्यात आला तेव्हा मूठ पुन्हा आवळलेली होती. मी पाणी देताना फक्त त्याची बोटं उघडली.

दुसऱ्या राउंडमध्ये समोरच्याने जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) टाकला, तो हुकला, आणि अंतर भरून काढायला तो एक पाऊल आत आला. पैलवानाचा उजवा त्याच वेळी निघाला होता. फार जोराचा नव्हता, मी त्याचे याहून जोरदार ठोसे पॅडवर घेतले आहेत. मुलगा जागेवर थांबला, पाय विस्कटले, आणि पंचांनी आठपर्यंत मोजलं.

हा ठोसा का बसला? त्याची मूठ ७ मीटर प्रति सेकंदाने गेली आणि समोरचं डोकं दीड मीटरने पुढे आलं असं धरलं, तर टक्कर साडेआठ मीटरची झाली. ऊर्जेच्या हिशेबात जवळजवळ दीडपट, आणि यातला दीड मीटर पैलवानाने कमावलेला नव्हता. शिवाय त्या मुलाला ठोसा दिसलाच नाही. दिसलेल्या ठोशासाठी माणूस मान ताठ करतो, दात आवळतो, म्हणजे डोक्याला धडाचं वस्तुमान जोडतो. न दिसलेला ठोसा एकट्या डोक्याला लागतो. यंत्रावर मोजलेलं बल आणि रिंगमध्ये झालेला परिणाम यांत अंतर पडतं ते इथे. म्हणून बॅगवर दणका देणारे कित्येक जण लढतीत कोणाला हलवू शकत नाहीत, आणि मोजमापात साधारण भरणारा एखादा सगळ्यांना खाली बसवतो.

लढत पैलवान हरला. पंचांनी दिलेला निकाल योग्य होता. तिसऱ्या राउंडमध्ये त्याचा दम संपला आणि समोरच्याने स्वच्छ ठोसे मोजून घेतले. परतीच्या गाडीत तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “सर, तो बसला तेव्हा हाताला काहीच जाणवलं नाही.” मी म्हणालो, “हो रे, बारका पण तसंच सांगतो.” वस्तादांना त्याने रात्रीच फोन केला. काय बोलणं झालं मला माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी साडेपाचला तो हॉलच्या दारात होता.

डाव्या हाताचं काम अजून व्हायचं आहे. जॅब टाकताना तो अजूनही डाव्या हाताने समोरच्याचं मनगट शोधतो, धरायला गेल्यासारखा, आणि हात परत आणायला उशीर करतो. ऑक्टोबरच्या छाटणीला तो पंधरा दिवस गावी जाणार आहे. त्याआधी डाव्या हाताचे व्हिडिओ काढायचे ठरलेत, भिंतीवरच्या खुणा पावसाळ्यात पुसल्या आहेत, त्या नव्याने मारायच्या आहेत.